बुडण्यासाठी बांधलेले जहाज

यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आपणांस आठवत असेल : 'युद्धाचे खेळ मुलांच्या हाती देऊ नयेत.' मी विषयाच्या विरुद्ध बाजूने बोलले आणि हरले. हरल्याचे फारसे वाईट वाटले नाही. वादविवादात हरण्याची मला सवय आहे. वाईट वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. परीक्षकांपैकी एक सर नंतर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मुद्दे चांगले होते तुझे. पण खेळातले मरण माणसाला खऱ्या मरणाविषयी बधिर करते, या आक्षेपाला तू बगल दिलीस." सरांचे म्हणणे खरे होते. बगल दिली, कारण त्या आक्षेपाचे उत्तर चार मिनिटांत देता येण्याजोगे नव्हते. शिवाय ते उत्तर पुरतेपणी माझ्या बाजूचेही नव्हते. या पानांवर घंटेची भीती नाही, म्हणून ते येथे मांडण्याचा प्रयत्न करते.

व्यासपीठावरून मी एका खेळाचा नुसता उल्लेख केला तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला होता. 'तळ्यात खेळण्यातली जहाजे बुडवणारी मोठी माणसे' असे शब्द ऐकल्यावर हसू येणे स्वाभाविक आहे. मलाही प्रथम आले होते. म्हणून आधी त्या खेळाची हकीकत सांगते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात काही हौशी मंडळींनी रेडिओच्या साहाय्याने चालणाऱ्या लहान युद्धनौकांवर गोळ्या मारणाऱ्या तोफा बसविल्या. तोवर अशी मॉडेले तळ्यात डौलाने फिरत, काठावरचे लोक कौतुक करीत आणि संध्याकाळी ती घरच्या कपाटात परत जात. या मंडळींना तेवढ्याने समाधान होईना. जहाज लढाऊ आहे तर ते लढले पाहिजे, आणि लढायचे तर बुडण्याचीही तयारी हवी, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यातून एक खेळ उभा राहिला, त्याची मंडळे झाली, नियमांची पुस्तके झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळातील, खऱ्या जहाजांचीच मॉडेले बांधायची. प्रमाण बहुधा एकास १४४. मित्रराष्ट्रांचा एक ताफा आणि जर्मनी-जपान-इटली यांचा दुसरा. उथळ तळे शोधायचे आणि एकमेकांची जहाजे भोके पाडून बुडवायची.

माझा मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षे टेक्सासमध्ये आहे आणि या खेळाचे त्याला वेड आहे. गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर त्याने मला आणि आजोबांना तिकिटे पाठवून बोलावून घेतले. आजोबा म्हणजे माझ्या आईचे आणि या मामाचे वडील. वय ७८. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. विशीच्या आतच नौदलात भरती झाले आणि तेथे शिपराइट, म्हणजे जहाजाचे सुतार, होते. तारुण्यातली काही वर्षे त्यांनी 'आय. एन. एस. दिल्ली' या क्रूझरवर काढली. घरात ते नौदलाबद्दल बोलत नसत. आम्हा नातवंडांना ठाऊक होते ते एवढेच, की आजोबांना दोरीच्या चाळीस तऱ्हेच्या गाठी येतात आणि दारे-खिडक्या कुरकुरलेल्या त्यांना खपत नाहीत.

मामाच्या गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी आम्हांला टेबलावर एक लाकडी सांगाडा दिसला. सव्वा मीटरला थोडा कमी लांब, बारा सेंटिमीटर रुंद. कण्याला जोडलेल्या फासळ्या, मासा खाऊन उरलेल्या काट्यासारख्या. शेजारी फळीवर वरचा भाग तयार करून ठेवला होता : डोलकाठ्या, पूल, तोफांचे चार बुरूज आणि एकच रुंद धुराडे. आजोबांनी त्या धुराड्याकडे पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "ही आमची दिल्ली."

ती 'दिल्ली'च होती. या जहाजाची कथा आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही, म्हणून दोन ओळी लिहिते. त्याचे मूळ नाव 'अकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, 'एक्झेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझर 'ग्राफ श्पे' या जर्मन जहाजाशी लढल्या. जर्मन जहाजाच्या तोफा ११ इंची, 'अकिलीस'च्या ६ इंची. तरी 'ग्राफ श्पे'ला माघार घेऊन माँटेव्हिडिओ बंदरात शिरावे लागले आणि चार दिवसांनी त्याच्याच कप्तानाने ते बाहेर नेऊन बुडविले. 'अकिलीस'वर न्यूझीलंडचे खलाशी होते. त्यांपैकी चार त्या दिवशी मेले. १९४८ मध्ये हे जहाज भारताने घेतले आणि आपल्या नव्या नौदलातले ते मोठे जहाज ठरले. १९५६ च्या एका इंग्रजी चित्रपटात त्याच लढाईच्या प्रसंगात त्याने स्वतःचीच भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये दीव मुक्त करण्याच्या कारवाईत त्याच्या तोफा पुन्हा चालल्या. १९७८ मध्ये मुंबईत त्याची सेवा संपली आणि ते मोडीत निघाले. त्याचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला. तो ऑकलंडच्या नाविक तळाशी ठेवलेला आहे.

मामाने हे जहाज वडिलांसाठी निवडले होते. खेळाच्या वहीत त्याची नोंद 'अकिलीस' अशी होती, पण मागच्या टोकाला त्याने बारीक देवनागरी अक्षरांत 'दिल्ली' असे रंगवून ठेवले होते. आजोबा तीन दिवस खुशीत होते. मामा दाखवी ते सारे ते पाहत, हात लावून बघत, चुका काढत. बाल्साची पातळ फळी त्यांनी उजेडात धरली आणि हसले, "हे लाकूड की पोह्याचा पापड?"

चौथ्या दिवशी त्यांना कळले की ती फळी मुद्दामच इतकी पातळ आहे.

येथे बांधणीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझा सारा युक्तिवाद त्या बांधणीवर उभा आहे. जहाजाचा सांगाडा मजबूत असतो, परंतु फासळ्यांच्या मधली जागा मोकळी ठेवून तिच्यावर बाल्साची कातडी चढवावी लागते. मामाच्या मंडळात तिची जाडी इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी. फासळी किती जाड असावी, दोहोंमध्ये अंतर किती सोडावे, हे सारे नियमाने ठरलेले. जाड पोलादाचे चिलखत चढविलेले 'बिस्मार्क' असो की आमचे पातळ पत्र्याचे 'दिल्ली' असो, या तळ्यात दोघांची कातडी सारखीच.

तोफा पितळी नळ्यांच्या. नळीच्या मागच्या बाजूस एक रबरी कडे असते, त्याच्याशी साडेचार मिलिमीटर व्यासाचा पोलादी छरा अडून राहतो. काठावरून कळ दाबली की व्हॉल्व्ह उघडतो, बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा झोत मागून येतो आणि छरा कड्यातून निसटून सुटतो. मागून दुसरा छरा त्याच्या जागी घरंगळतो. नळ्यांची तोंडे किंचित खाली झुकवलेली असतात, म्हणजे छरा समोरच्या जहाजाच्या पाणपातळीजवळ बसावा आणि चुकला तर काठावरच्या माणसाकडे न जाता पाण्यात जावा. तरीही तळ्याच्या आसपास येणाऱ्या प्रत्येकाने संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे, मग तो लढणारा असो की लिंबू सरबत वाटणारा. 'दिल्ली'च्या आठ तोफांपैकी मामाच्या वाट्याला दोनच चालत्या आल्या. बाकीच्या सहा शोभेच्या. मोठ्या युद्धनौकांना अधिक तोफा मिळतात, लहानांना कमी. वेगाचेही तसेच. खरे जहाज ज्या मानाने जलद असेल त्या मानाने मॉडेलचा वेग बांधून दिलेला.

सर्वांत अवघड गोष्ट वजनाची. लांबी १४४ पट घटते, तेव्हा वजन १४४ चा घन, म्हणजे सुमारे ३० लाख पट घटते. सात हजार टनांहून जड असलेले 'दिल्ली' तळ्यात अडीच-तीन किलोंचे होते. या अडीच-तीन किलोंतच बॅटरी, मोटारी, वायूची बाटली, तोफा, सुकाणू फिरविणारे यंत्र, रेडिओ आणि पाणी उपसणारा पंप हे सारे बसवायचे. एक गोष्ट घातली की दुसरी काढावी लागते. आठ महिने मामा संध्याकाळी कामावरून येऊन ग्रॅमांचा हिशेब करीत बसे. मी गेले त्या काळात शेवटची कातडी चढविण्याचे काम माझ्याकडे आले. बाल्सा ओला करून वाकवायचा, चिकटवायचा, वाळू द्यायचा, घासायचा, त्यावर पातळ कागद लावून रंग द्यायचा. माझी बोटे दोन आठवडे राखाडी रंगाची होती.

आणि एवढे करून जहाज बुडू शकले पाहिजे, असा नियम. पंपाच्या तोंडाचे भोकसुद्धा ठरावीक मापाचे असते. पाणी आत येण्याचा वेग त्या भोकातून बाहेर जाण्याच्या वेगाहून वाढला, की शेवट ठरलेला.

हे सारे आजोबांना कळले तेव्हा ते मामाला म्हणाले, "म्हणजे हे बुडवणार तुम्ही?"

"बुडेलच असं नाही, अण्णा. मागच्या वर्षी माझं जहाज दोनदाच बुडलं."

"पण बुडावं म्हणूनच बांधलंस ना?"

मामा काही बोलला नाही. आजोबा उठून घरात गेले. त्यानंतर गॅरेजमध्ये ते आले नाहीत. जेवताना मामा आणि ते हवापाण्याविषयी बोलत. मामी मला हळूच म्हणाली, "या दोघांचं आयुष्यभर असंच चाललंय." मामाने नौदलात जावे अशी आजोबांची इच्छा होती आणि मामा आला अमेरिकेत, हे मला तेव्हा प्रथम कळले.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात आजोबांशी पुष्कळ वाद घातला. वादविवाद स्पर्धेत मी जे मुद्दे मांडले ते तेव्हाच सुचलेले. ते पुन्हा मांडते, कारण अजूनही ते मला खोटे वाटत नाहीत.

पहिला मुद्दा असा, की युद्धाचा खेळ माणसाने आज शोधून काढलेला नाही. इ. स. पूर्व ४६ मध्ये ज्यूलियस सीझरने रोममध्ये तळे खोदून त्यात नौकायुद्धाचा तमाशा भरविला. इ. स. ५२ मध्ये क्लॉडियस बादशहाने फुकिनस सरोवरावर त्याहून मोठा भरविला. त्या खेळांत जहाजे खरी होती आणि मरणारी माणसेही खरी होती. मरणाची शिक्षा झालेले कैदी तेथे लढविले जात. काठावरचे प्रेक्षक टाळ्या वाजवीत. अशा तमाशापासून टेक्सासच्या तळ्यापर्यंत आलेल्या माणसाने काहीच प्रगती केली नाही असे कोण म्हणेल?

दुसरा मुद्दा आपल्या घरचा. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. चार दिवस खपून माती कालवतो, बुरूज थापतो, अळीव पेरतो, मावळे उभे करतो. आणि शेवटच्या दिवशी? आपल्यापैकी किती जणांनी त्याच किल्ल्याच्या पोटात सुतळी बॉम्ब लावला नाही? ज्याने माती कालवली त्यालाच बुरूज ढासळताना पोटात काहीतरी होते. शेजारचा आयत्या वेळी बघायला आलेला मुलगा मात्र नुसता हसतो. बांधणाऱ्याला मोडण्याची किंमत कळते. मोबाइलवरच्या खेळात दिवसाला शंभर जहाजे बुडविणाऱ्या माझ्या भावाला ती कळत नाही. कारण त्याने एकही बांधलेले नसते आणि एक बोट टेकवले की सारी पुन्हा तरंगू लागतात. माणूस बधिर होत असेल तर तो तेथे होतो. ज्या जहाजासाठी आठ महिने ग्रॅम मोजले ते तीन मिनिटांत तळाशी जाते आणि मग गुडघाभर चिखलात उतरून ते स्वतःच्या हातांनी वर काढावे लागते, तेथे बधिर होण्याला सवड मिळत नाही.

तिसरा मुद्दा मी इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याच्याकडून घेतला होता. त्याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले. शिशाचे शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन घराच्या जमिनीवर युद्ध कसे खेळावे याचे नियम त्यात आहेत. शेवटी तो म्हणतो त्याचा आशय असा, की खऱ्या युद्धापेक्षा हे किती बरे. सेनापतींना आणि राज्यकर्त्यांना असाच खेळ देऊन एका खोलीत बसवावे. हा मुद्दा मी स्पर्धेत मोठ्या आवाजात मांडला. एक गोष्ट मात्र मी तेव्हा गाळली, ती आता कबूल करते. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच वेल्सने ते युद्ध सर्व युद्धांचा अंत करणारे आहे असे सांगणारे पुस्तक लिहिले. शिशाच्या शिपायांनी ना युद्ध थांबविले, ना त्यांच्या धन्याला शहाणे केले.

तेव्हा सर, तुमचा आक्षेप तेथेच होता आणि मला दिसतही होता. आता तळ्यावर काय झाले ते सांगते.

लढाईच्या दिवशी सकाळी मामा गाडीत सामान भरू लागला तेव्हा आजोबा बूट घालून दारात उभे होते. कोणी काही विचारले नाही. तळे गावाबाहेरच्या एका शेताच्या कडेला होते, आपल्याकडच्या मोठ्या शेततळ्याएवढे. काठावर पंधरा-वीस माणसे : एक दंतवैद्य, एक ट्रकचालक, एक शाळामास्तर आणि त्याची दोन मुले. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. 'बिस्मार्क' एकाने दोन हातांनी बाळासारखे धरून आणले होते; ते मॉडेल १७४ सेंटिमीटर लांब, म्हणजे माझ्याहून बरेच उंच. आजोबांनी आपल्या चष्म्यावरच दुसरा चष्मा चढविला आणि घडीच्या खुर्चीवर बसले.

लढाई दिसायला मोठी चमत्कारिक. धूर नाही, गडगडाट नाही. फट् फट् असा आवाज, पाण्यावर उडणारे बारीक शिंतोडे आणि बाल्साला छरा लागला की कौलावर गार पडावी तसा टक्कन आवाज. 'दिल्ली' चपळ होते. मामाने ते एका जपानी क्रूझरच्या मागे घालून तिला बरेच हैराण केले. मग वळण घेताना ते एका मोठ्या जर्मन जहाजाच्या आडवे आले आणि दहा सेकंदांत त्याच्या उजव्या कुशीवर टकटक झाली. पंपाची धार एकदम जोरात उडू लागली. पाणी किती आत येते आहे हे काठावरून त्या धारेवरूनच समजते.

मामा ओरडला, "फाइव्ह!" याचा अर्थ, मी माघार घेतो. पण या खेळात माघार तत्काळ मिळत नाही. पाच मिनिटे पाण्यावर टिकून दाखवावे लागते, तेवढा वेळ शत्रूला पाठलागाची मुभा असते. ती पाच मिनिटे मी कधी विसरणार नाही. 'दिल्ली' उजवीकडे कलले, सरळ झाले, पुन्हा कलले. मामाच्या कपाळावर घाम. शाळामास्तराची मुले मोठ्याने मिनिटे मोजत होती. चौथे मिनिट संपता संपता पुढचे टोक पाण्याखाली गेले, मागचे वर आले, त्यावरची 'दिल्ली' ही अक्षरे एकदा उन्हात दिसली आणि नंतर दोरी बांधलेला नारिंगी बोंडा तेवढा पाण्यावर तरंगत राहिला.

ज्याने बुडविले तोच माणूस पहिल्यांदा पाण्यात उतरला आणि मामाबरोबर दोरी धरून जहाज वर काढू लागला. तशी रीतच आहे. काठावर उलटे धरून पाणी काढल्यावर पंचांनी भोके मोजली. पाणपातळीच्या वर ९, तिच्यावर २, खाली ३. वरच्या भोकाला १० गुण, पातळीवरच्याला २५, खालच्याला ५०. म्हणजे भोकांचेच २९० झाले, बुडविल्याचे निराळे.

मला वाटले आजोबा उठून गाडीत जाऊन बसतील. ते उठले, जहाजापाशी आले, उकिडवे बसले आणि खालच्या तीन भोकांवरून बोट फिरवले. "ही तीन. वरची नऊ नुसती दिसायला." मग मामाला विचारले, "पंप शेवटपर्यंत चालू होता?"

"हो अण्णा."

"मग आत बुजवायला कोण होतं?"

मामाला प्रश्न समजला नाही. मलाही नाही. आजोबा सांगू लागले. जहाजाला भोक पडले की पंप काही पुरा पडत नाही. पंप फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात माणसे खाली जातात. लाकडी खुंट्या ठोकतात, गाद्या-उश्या कोंबतात, वर फळी लावतात आणि फळीला तुळईचा टेकू देतात. टेकू कापायला सुतार लागतो. अंधार असतो, कमरेइतके पाणी असते, आणि कधीकधी वरचे झाकण बंद करावे लागते, खाली माणसे असली तरी. "जहाज पंपावर तरंगत नाही रे. आतल्या माणसांवर तरंगतं. तुझ्या दिल्लीत माणूसच नाही. म्हणून बुडाली."

खऱ्या 'दिल्ली'वर ५५० च्या वर माणसे असत. मी नंतर हिशेब केला. एकास १४४ या प्रमाणात माणूस बारा मिलिमीटरचा होतो, वालाच्या दाण्याएवढा. मामाने वजन वाचविण्यासाठी डेकवर एकही बसविला नव्हता.

त्या रात्री अंगणात बसल्यावर आजोबा आपण होऊन बोलले. नौदलात त्यांच्याबरोबर भरती झालेला, शेजारच्या गावचा एक मित्र होता. पुढे आजोबा मुंबईच्या गोदीत राहिले आणि तो 'खुकरी'वर गेला. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर' हिने 'खुकरी'वर पाणतीर सोडला. जहाज काही मिनिटांत बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले; कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. आजोबांचा मित्र त्या १७६ पैकी एक. "तो पण सुतारच," आजोबा म्हणाले. "मला नेहमी वाटतं, त्याच्या हातात त्या वेळी खुंटी असेल. पण तेवढा वेळच मिळाला नाही."

मामाने हे कधी ऐकले नव्हते. पन्नाशीच्या त्या माणसाने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला. लेकाने नौदलात जावे असे ज्यांना वाटे, त्यांनी नौदलातली ही एक गोष्ट मात्र त्याला कधी सांगितली नव्हती. ती सांगायला एक लाकडी खेळणे बुडावे लागले.

आता माझे मत. खेळातले मरण बधिर करते, हे अर्धे खरे आहे. जो खेळ आयता मिळतो, ज्यात हरण्याला काही पडत नाही, तो बधिर करतो. जो स्वतःच्या हातांनी बांधावा लागतो आणि बुडाल्यावर स्वतःच वर काढावा लागतो, तो हातांना तरी शुद्धीवर ठेवतो. एवढ्यापुरती मी माझ्या बाजूला अजून ठाम आहे आणि स्पर्धा पुन्हा झाली तर पुन्हा त्याच बाजूने उभी राहीन.

पण उरलेले अर्धे माझ्या बाजूचे नाही. लांबी १४४ पट घटते, वजन ३० लाख पट घटते, तोफ घटते, वेग घटतो. हे सारे गणिताने जमते. माणूस मात्र कुठल्याच प्रमाणात लहान होत नाही, म्हणून तो मॉडेलमध्ये मावत नाही आणि आपण त्याला सरळ वगळतो. हा त्या खेळाचा दोष नव्हे. माणूस वगळला म्हणूनच तर तो खेळ आहे. सीझरच्या तळ्यात माणूस वगळला नव्हता. धोका आहे तो वगळल्याचा विसर पडण्यात. आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला असे म्हणावेसे वाटते, की हा विसर तळ्याकाठी पडतो त्याहून अधिक आपल्या वर्गात पडतो. प्लेट नदीची लढाई आपण परीक्षेत पाच गुणांना लिहितो. तारीख, जहाजे, परिणाम. 'अकिलीस'वरचे ते चौघे आपल्या उत्तरात नसतात आणि त्यावाचून आपले गुण कोणी कापत नाही. मग मॉडेल बांधणाऱ्यालाच आपण का हसावे?

तेव्हा सर, मुलांच्या हाती युद्धाचे खेळ द्यावेत की नाही, याचे माझे उत्तर असे : द्यावेत, पण तयार देऊ नयेत, बांधायला द्यावेत. आणि बुडाल्यावर त्या मुलांच्या शेजारी उकिडवे बसून 'आत कोण होतं?' असे विचारणारे एखादे माणूस काठावर असावे. माझ्या वाट्याला ते आले. सर्वांच्या घरी 'दिल्ली'वरचा सुतार असत नाही, हे मला समजते. त्यासाठीच तर महाविद्यालये आणि तुमच्यासारखे शिक्षक असतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी मामाने 'दिल्ली' दुरुस्तीला घेतले. वरची नऊ आणि पातळीवरची दोन भोके मी बुजविली. खालच्या तिन्हींना आजोबांनी कोणाला हात लावू दिला नाही.

(तृतीय वर्ष कला, इतिहास)